उक्ती आणि आपत्ती : उतारू-जहाजांच्या अपघातांतील भाषाव्यवहार

समुद्रावरील अपघातांची मीमांसा करताना सामान्यतः जहाजाची बांधणी, हवामान, यंत्रांची स्थिती आणि नौकानयनातील चुका या चार गोष्टींचा विचार केला जातो. जहाज खडकावर का आदळले, आग कशी पसरली, पाणी कोठून शिरले, जीवननौका पुरेशा होत्या की नव्हत्या, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु चौकशी मंडळांचे अहवाल बारकाईने वाचू लागले म्हणजे या कारणांच्या जोडीला आणखी एक कारण पुनःपुन्हा पुढे येते. एकाला धोका कळलेला असतो, दुसऱ्याच्या हाती तो टाळण्याचे साधन असते. आणि या दोघांना जोडणारा शब्द एक तर उच्चारलाच जात नाही, किंवा चुकीचा ऐकला जातो, किंवा ऐकूनही समजत नाही, किंवा समजूनही तो मुळातच खोटा असतो.

सहलीचे मोठे जहाज म्हणजे आज काही हजार माणसांची तरंगती वसाहत होय. तिच्यावरील नाविक व सेवकवर्ग अनेक राष्ट्रांतून आलेला असतो, उतारूंचीही तीच स्थिती असते. अशा समाजाचे रक्षण शेवटी चार प्रकारच्या उक्तींवर अवलंबून राहते : सुकाणूवाल्यास दिलेली आज्ञा, अधिकाऱ्यास दिलेली वर्दी, दुसऱ्या जहाजाने वा किनाऱ्याने दिलेला इशारा, आणि उतारूंसाठी केलेली घोषणा. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून, बोलणे ही स्वतःच एक कृती आहे हा विचार भाषाभ्यासकांच्या परिचयाचा झाला आहे. जहाजाच्या ब्रिजवर तो विचार अक्षरशः खरा ठरतो. कारण तेथे शब्द उच्चारला की हजारो टनांचे लोखंड वळते. प्रस्तुत लेखात या चार उक्तींचा काही ज्ञात अपघातांच्या आधारे क्रमाने विचार केला आहे.

१. आज्ञा : नाव आणि दिशा

जहाजाच्या उजव्या बाजूस इंग्रजी नाविक भाषेत ‘स्टारबोर्ड’ म्हणतात. डाव्या बाजूस पूर्वी ‘लारबोर्ड’ म्हणत असत. ही दोन नावे उच्चारात किती जवळची आहेत हे सांगावयास नको. शब्दाचा उत्तरार्ध दोन्हींत एकच, आद्य स्वरही एकच. भेद राहतो तो केवळ आरंभीच्या व्यंजनांचा, आणि वाऱ्याच्या घोंगाटात प्रथम नष्ट होतात ती हीच व्यंजने. अर्थाने परस्परविरुद्ध असणारी दोन पदे ध्वनीने इतकी सारखी असणे हा शब्दसंग्रहाचा दोषच म्हटला पाहिजे. ब्रिटिश आरमाराने १८४४ मध्ये ‘लारबोर्ड’ हा शब्द रद्द करून त्याच्या जागी ‘पोर्ट’ हा शब्द अधिकृत केला. सुरक्षिततेसाठी कोशातील एक शब्द आज्ञेने काढून टाकल्याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

दिशादर्शक आज्ञांतील दुसरा घोटाळा याहून सूक्ष्म होता. सुकाणूचा दांडा ज्या बाजूस लोटावा, तिच्या उलट बाजूस जहाजाचे तोंड वळते. शिडाच्या जहाजांच्या काळात आज्ञा दिली जाई ती दांड्याला उद्देशून. पुढे दांड्याच्या जागी चक्र आले, चक्र ज्या बाजूस फिरवावे त्याच बाजूस जहाज वळू लागले. परंतु आज्ञेची भाषा जुनीच राहिली. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’समोर हिमनग दिसताच प्रथम अधिकाऱ्याने सुकाणू पूर्णपणे ‘स्टारबोर्ड’ करण्याची आज्ञा दिली, आणि रूढ संकेतानुसार जहाजाचे तोंड डावीकडे वळू लागले. साक्षीपुराव्यावरून पाहता त्या रात्री सुकाणूवाल्याने आज्ञा बरोबर ओळखली होती. अपघाताचे कारण ती आज्ञा नव्हे. तथापि शब्द एका दिशेचा आणि वळण दुसऱ्या दिशेचे, ही रचना धोक्याची आहे हे उघड होते. काही राष्ट्रे जुन्या पद्धतीने व काही नव्या पद्धतीने आज्ञा देऊ लागली तेव्हा हा धोका अधिकच वाढला; कारण एका देशाचा वाटाड्या दुसऱ्या देशाच्या जहाजावर चढला म्हणजे त्याच्या तोंडचा तोच शब्द उलट अर्थाने ऐकला जाण्याची भीती होती. समुद्रावरील जीवितरक्षणासंबंधीच्या १९२९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने आज्ञेतील शब्द व जहाजाच्या वळण्याची दिशा एकच असावी असे ठरविले, आणि ब्रिटनमध्ये १९३३ पासून ही पद्धत अंमलात आली. संकेत यादृच्छिक असतो हे तत्त्व खरे. परंतु यादृच्छिक संकेत सर्वांचा एकच असल्यावाचून त्याचा उपयोग नाही, हा त्याचा दुसरा भाग या प्रकरणाने अधोरेखित केला.

२. इशारा : संदेशाचे शीर्षक

‘टायटॅनिक’च्या प्रकरणात भाषेचा खरा प्रश्न होता तो इशाऱ्याचा. आघाताच्या आधी त्याच रात्री जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाच्या बिनतारी यंत्रचालकाने, आपण बर्फाने वेढले जाऊन थांबलो आहोत, असे ‘टायटॅनिक’च्या यंत्रचालकास कळविले. तो यंत्रचालक त्या वेळी उतारूंचे खाजगी संदेश केप रेस येथील केंद्रास पाठविण्यात गुंतलेला होता. त्याने मध्येच आलेल्या या संदेशास गप्प राहण्यास सांगितले. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, कप्तानाकडे पोहोचविणे आवश्यक असलेल्या संदेशांना त्या काळी एक ठराविक शीर्षाक्षरसमूह जोडण्याचा प्रघात होता. ‘कॅलिफोर्नियन’चा संदेश त्या शीर्षाविना, दोन समव्यावसायिकांच्या गप्पांच्या सुरात आला. वाक्याचा आशय भयसूचक होता, परंतु हा इशारा आहे असे सांगणारी खूण त्यावर नव्हती. ऐकणाऱ्याने त्याची गणना व्यत्ययात केली. त्या रात्री दीड हजाराहून अधिक माणसे मृत्यू पावली.

कोणत्याही उक्तीचे दोन अंग असतात : ती काय सांगते, आणि ते सांगून काय करू पाहते. नित्याच्या संभाषणात दुसरे अंग स्वरावरून, प्रसंगावरून व मुखमुद्रेवरून कळते. “पाऊस येईल असे दिसते” हे वाक्य आईने मुलास दारात उभे राहून म्हटले तर ती सूचना ठरते, आणि शेतकऱ्याने शेजाऱ्यास म्हटले तर ती आशा ठरते. बिनतारी यंत्रात स्वर नाही, मुद्रा नाही, प्रसंगही दिसत नाही. म्हणून जे एरवी अनुक्त राहते ते तेथे शब्दाने उच्चारावे लागते. या तत्त्वाला पुढे नाविक भाषेच्या नियमांत मध्यवर्ती स्थान मिळाले, ते यथाक्रम पाहू.

३. वर्दी : मौनाचा अर्थ

६ मार्च १९८७ रोजी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ हे मोटारी व उतारू वाहून नेणारे जहाज बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून निघाले, आणि बंदराबाहेर पडताच काही मिनिटांत कलंडले. त्याच्या तोंडाशी असलेली मोटारींसाठीची दारे उघडीच राहिली होती. १९३ माणसे मरण पावली. दारे बंद करण्याचे काम ज्याच्याकडे होते तो कर्मचारी आपल्या केबिनमध्ये झोपी गेला होता आणि कामावर हजर होण्याची ध्वनिक्षेपकावरील घोषणा त्याला ऐकू गेली नाही. ब्रिजवरून दारे दिसत नव्हती. दारांची स्थिती दर्शविणारे दिवे ब्रिजवर बसवावेत अशी मागणी त्या कंपनीच्या कप्तानांनी पूर्वी केली होती, पण ती मान्य झाली नव्हती.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या प्रकरणातील अर्थपूर्ण घटक म्हणजे तेथील वर्दीची पद्धत. जहाजावरील स्थायी आदेशांनुसार विभागप्रमुखांनी काही उणीव असल्यासच कप्तानास कळवावयाचे होते. तशी वर्दी न आल्यास जहाज निघण्यास सर्वतोपरी सिद्ध आहे असे कप्तानाने गृहीत धरावयाचे होते. अर्थात येथे मौनाला ‘होय’ असा अर्थ दिलेला होता.

व्याकरणात शून्यालाही अर्थ असतो. पाणिनीने प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचे कार्य राहते असे मानले. मराठीतही ‘घर’ हे रूप कोणत्याही प्रत्ययावाचून एकवचनाचा बोध करून देते. परंतु व्याकरणातील शून्य सार्थ ठरते ते त्याच्या जागी दुसरे काय येऊ शकले असते हे निश्चित असते म्हणून. ‘हेरल्ड’च्या ब्रिजवरील मौन या प्रकारचे नव्हते. दारे बंद आहेत म्हणून कोणी बोलले नाही, आणि दारे पाहणारा जागेवर नव्हता म्हणून कोणी बोलले नाही, या दोन्ही स्थितींचे बाह्य रूप एकच होते. ज्या चिन्हाने सुस्थिती व आपत्ती यांत भेद होत नाही, ते चिन्हच नव्हे. सुरक्षिततेच्या व्यवहारात विधायक वर्दी, म्हणजे ‘दारे बंद आहेत’ असे प्रत्यक्ष शब्दांनी सांगणे, अनिवार्य असावे असा धडा या दुर्घटनेने दिला.

४. समान भाषेचा अभाव

७ एप्रिल १९९० च्या रात्री ऑस्लोहून डेन्मार्कमधील फ्रेडरिकशाव्हनकडे निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ जहाजावर आग लागली. ती मुद्दाम लावण्यात आली होती. १५९ माणसांचा बळी गेला. त्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू ज्वाळांनी नव्हे, तर विषारी धुराने झाला. जहाज या मार्गावर नुकतेच आणलेले होते. नोकरवर्ग घाईने जमविलेला, अनेक देशांचा, त्यांत पोर्तुगीजांची संख्या मोठी. उतारू बहुसंख्येने नॉर्वेजियन. कर्मचाऱ्यांना परस्परांची भाषा नीट येत नव्हती आणि उतारूंची तर मुळीच येत नव्हती. आगीच्या वेळी काय करावयाचे याचा सराव झालेला नव्हता. धुराने भरलेल्या मार्गिकेत वाट दाखविणारा माणूस असावा व त्याचे शब्द समजावेत, ही किमान अपेक्षा तेथे पुरी होऊ शकली नाही.

अनेकभाषी नाविकवर्ग ही गोष्ट मात्र नवी नाही, आणि तिचा संबंध आपल्या किनाऱ्याशीही पोहोचतो. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर कोकण, गुजरात, बंगाल व गोवा या भागांतील हजारो खलाशी काम करीत. या मंडळींची ‘लस्करी’ नावाने ओळखली जाणारी एक मिश्र बोली होती. तिच्यात हिंदुस्थानी, फारसी, अरबी, पोर्तुगीज व इंग्रजी शब्दांची सरमिसळ होती. थॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यास या नाविक शब्दांचा इंग्रजी-हिंदुस्थानी कोश प्रसिद्ध केला, तो गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्या खलाशांना आज्ञा देता यावी म्हणून. शिवाय अधिकारी व खलाशी यांच्यामध्ये सारंग आणि तांडेल असत; साहेबाची आज्ञा ते खलाशांपर्यंत नेत. म्हणजे भाषा भिन्न असूनही त्या व्यवस्थेत एक मर्यादित कार्यभाषा होती, तिचा कोश होता आणि दुभाषाचे स्थान नेमून दिलेले होते. ‘स्कँडिनेव्हियन स्टार’वर भाषा पुष्कळ होत्या, परंतु यांतील एकही गोष्ट नव्हती. धोका बहुभाषिकतेत नसून व्यवस्थेच्या अभावात आहे, हे या तुलनेवरून ध्यानात येते.

५. नियमबद्ध भाषा

या अपघातांनंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जे उपाय योजले त्यांत भाषाविषयक उपायांना लक्षणीय स्थान आहे. १९७७ मध्ये नौकानयनापुरता एक प्रमाण शब्दसंग्रह तयार झालाच होता. १९९२ मध्ये त्याहून व्यापक अशा सुरक्षाभाषेचे काम हाती घेण्यात आले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ‘प्रमाण सागरी संभाषण-वाक्ये’ या नावाने ती स्वीकारली गेली. प्रत्येक जहाजाने आपली कार्यभाषा निश्चित करून तिची नोंद जहाजाच्या रोजनिशीत करावी, आणि जहाज-जहाज व जहाज-किनारा या सुरक्षाविषयक संभाषणासाठी, संबंधितांची दुसरी समान भाषा नसेल तर, इंग्रजी वापरावी, असाही नियम आहे. नाविकांच्या प्रशिक्षणविषयक कराराच्या १९९५ च्या दुरुस्तीनंतर उतारूंशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संभाषणक्षमतेसही महत्त्व देण्यात आले. उतारूंच्या प्रमुख भाषा, प्राथमिक इंग्रजी आणि हस्तसंकेत यांचा त्यात समावेश होतो.

या प्रमाण वाक्यांची रचना अभ्यसनीय आहे. प्रथम, संदेशाच्या आरंभी त्याचा प्रकार उच्चारण्याची सोय आहे : आज्ञा, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती आणि उद्देश. १९१२ च्या त्या रात्री जी खूण संदेशावर नव्हती, तीच येथे नियमाने बसविलेली दिसते. दुसरे, शक्यता, परवानगी व कर्तव्य यांची सरमिसळ करणारी साहाय्यक क्रियापदे वर्ज्य मानली आहेत. मराठीतील विध्यर्थावरून यामागील कारण सहज समजेल. “जहाजाने आत यावे” या वाक्यात परवानगी आहे, आज्ञा आहे की नुसती इच्छा, हे प्रसंगावाचून ठरत नाही. म्हणून ‘आपण धोक्यात जात असाल’ असे न म्हणता ‘इशारा : आपण धोक्यात जात आहात’ असे म्हणावयाचे. तिसरे, दिशांकासारख्या संख्या एकेक अंक सुटा उच्चारून सांगावयाच्या. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ यांत जो घोटाळा संभवतो, तोच मराठीत ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ यांत संभवतो. चौथे, सुकाणूवाल्याने प्रत्येक आज्ञा उच्चारून परत सांगावयाची आणि ती बरोबर पाळली गेली की नाही हे अधिकाऱ्याने पाहावयाचे.

साहित्याची भाषा अनेकार्थतेने समृद्ध होते. ही भाषा अनेकार्थता काढून टाकून उपयुक्त होते. पुनरुक्ती हा तेथे दोष नसून गुण आहे.

६. घोषणा : समजलेली, परंतु असत्य

येथवरच्या विवेचनावरून, प्रमाण भाषा सिद्ध झाली की प्रश्न मिटला, असे वाटण्याचा संभव आहे. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’चे प्रकरण या समजुतीस मर्यादा घालते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास, ४,२२९ माणसांना घेऊन चाललेले हे सहलीचे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाच्या अगदी जवळून नेण्याच्या प्रयत्नात खडकावर आदळले. त्याच्या डाव्या कुशीला ५३ मीटर लांबीची चीर पडली आणि लगतच्या अनेक जलाभेद्य कप्प्यांत पाणी शिरले. ३२ माणसे मरण पावली. त्यांत एक भारतीय सेवक होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडले.

आघातापूर्वीच्या क्षणांत भाषेची अडचण होतीच. कप्तान इटालियन, सुकाणूवाला इंडोनेशियन, आणि आज्ञा इंग्रजीत. एक दिशांक सुकाणूवाल्याने नीट परत सांगितला नाही, आणि शेवटच्या क्षणी डावीकडे वळण्याची आज्ञा असता त्याने प्रथम सुकाणू उजवीकडे फिरविले. या गोंधळात सुमारे १३ सेकंद गेले. परंतु ती चूक झाली नसती तरी आघात टळला नसता, असे तज्ज्ञांचे मत न्यायालयापुढे आले. मूळ कारण किनाऱ्याजवळून जाण्याचा निर्णय हेच होते. भाषिक कारणाला त्याच्या वाट्याहून अधिक महत्त्व देणे शास्त्रीय दृष्टीला धरून होणार नाही.

भाषेचा खरा प्रश्न आघातानंतर उद्भवला. कप्प्यांत पाणी शिरत असल्याचे ब्रिजवर काही मिनिटांतच कळले होते. तरीही उतारूंना विजेच्या यंत्रणेत बिघाड झाला असून परिस्थिती आटोक्यात आहे, अशा आशयाच्या घोषणा ऐकविण्यात आल्या. कित्येकांना केबिनमध्ये परत जाण्यास सांगण्यात आले. सर्वसाधारण संकटाचा संकेत, म्हणजे सात आखूड व एक लांब भोंगा, आघातानंतर सुमारे पाऊण तासाने देण्यात आला आणि जहाज सोडण्याची आज्ञा एका तासाहून अधिक काळाने. तोपर्यंत जहाज कलल्यामुळे जीवननौका उतरविणे दुष्कर झाले होते. तटरक्षक दलास या घटनेची पहिली वार्ता मिळाली, तीही एका उतारूच्या किनाऱ्यावरील आप्ताने पोलिसांना केलेल्या दूरध्वनीमुळे. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये कप्तानास १६ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

या घोषणांत व्याकरणाचा दोष नव्हता, ध्वनीचा नव्हता, अर्थाच्या संदिग्धतेचाही नव्हता. त्या अनेक भाषांत होत्या व समजत होत्या. दोष होता तो वाक्य व वस्तुस्थिती यांच्या संबंधात. गोंधळ माजू नये म्हणून सत्य लपवावे, हा विचार वरवर दयाळूपणाचा वाटतो. परंतु कलत्या जहाजावर उतारूजवळ वेळ हीच एक संपत्ती असते, आणि खोटे आश्वासन नेमकी तीच हिरावून घेते. शिवाय त्या दिवशी चिविताव्हेक्किया बंदरात चढलेल्या सुमारे ७०० उतारूंना संकटकालीन सराव अद्याप दिलेला नव्हता. चोवीस तासांच्या आत तो द्यावा, एवढीच तत्कालीन नियमाची अपेक्षा होती. म्हणजे भोंग्याचा संकेत वाजला तरी तो संकेत कोणत्या अर्थाचा आहे हे त्यांना शिकविलेले नव्हते. १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घेणे बंधनकारक झाले आहे.

७. उपसंहार

‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ची वार्ता जहाजाबाहेरच्या एका आप्ताकडून पोहोचली, हे वाचताना मराठी वाचकास १७ जुलै १९४७ ची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्या दिवशी सकाळी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या दुर्घटनेची बातमी मुंबईस कळली ती पोहून वाचलेल्या लोकांच्या तोंडून, कित्येक तासांनंतर. दोन्ही घटनांमध्ये पासष्ट वर्षांचे अंतर आहे. पहिल्या वेळी किनाऱ्यास वेळेवर हाक पोहोचली नाही. दुसऱ्या वेळी सर्व आधुनिक साधने हाताशी असून ती सत्य सांगण्यासाठी वापरली गेली नाहीत.

एकूण विवेचनाचा निष्कर्ष असा की, सागरी सुरक्षिततेच्या इतिहासाचा एक भाग भाषानियोजनाचा इतिहास आहे. शब्दांची नावे निश्चित करणे, आज्ञेची दिशा एक करणे, इशाऱ्यावर इशाऱ्याची खूण उमटविणे, मौनाला अर्थ देण्याचे नाकारणे आणि कार्यभाषा ठरविणे, ही पावले प्रत्येक वेळी माणसे गमावल्यानंतर किंवा गमावण्याची भीती स्पष्ट झाल्यानंतर टाकली गेली. या उपायांनी उक्ती स्पष्ट होते. ती सत्य होईलच असे नाही. तेथे भाषाशास्त्राची मर्यादा येते आणि वक्त्याच्या उत्तरदायित्वास आरंभ होतो. परंतु त्या मर्यादेच्या अलीकडेही पुष्कळ काम शिल्लक आहे. ब्रिजवरील भाषेचा जेवढा अभ्यास झाला आहे, तेवढाच अभ्यास उतारूंच्या कानी पडणाऱ्या भाषेचाही झाला पाहिजे : वृद्धांना, मुलांना आणि जहाजाची एकही अधिकृत भाषा न जाणणाऱ्यांना संकटाची घोषणा कितपत समजते, कोणती वाक्यरचना भीतीच्या क्षणीही ग्रहण होते, आणि शब्द अपुरे पडल्यास हस्तसंकेत किती साहाय्य करतात. आपल्या किनाऱ्यावरील लाँचमधून व बोटींतून रोज प्रवास करणाऱ्या लोकांच्या दृष्टीनेही हे प्रश्न दूरचे नाहीत.